पहिल्या पत्रात खुशाली

अप्पा ताम्हाण्यांच्या समोर कोणी येऊन बसलं, तर ते त्याचं नाव विचारत नसत. आधी धर्म विचारत. मग लग्न कुठल्या गावी लागलं ते, आणि मग नवरा किंवा बायको सध्या कुठल्या मुलखात आहे ते. एवढं झालं की टाक दौतीत बुडवत आणि म्हणत, "हं, आता नाव सांग. कायद्याला नावाची घाई नसते. कायदा आधी धर्म विचारतो."

ठाण्याच्या जिल्हा कोर्टाबाहेर चिंचेच्या झाडाखाली तेव्हा सहासात अर्जनवीस बसत. बाकीचे जमिनीचे, बांधाचे, मिठागराच्या हद्दीचे अर्ज लिहीत. अप्पा फक्त लग्नांचे लिहीत, आणि तीही अशी, की ज्यातलं एक माणूस समुद्रापलीकडचं असेल. हा धंदा त्यांनी शोधला नव्हता. कोणी एक साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या सामानाच्या लिलावात अप्पांनी एक छत्री घेतली. छत्रीबरोबर एक पुस्तक फुकट आलं. छत्री पहिल्याच श्रावणात मोडली. पुस्तक ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाच्या कायद्याचं होतं, ते अप्पांना जन्मभर पुरलं.

गिऱ्हाइकं रेल्वेनं पुरवली. कल्याणला जंक्शन झालं तसे विलायतेचे ड्रायव्हर, गार्ड, फिटर येऊन राहिले. माणसं आली म्हणजे लग्नं आली, आणि लग्नं आली म्हणजे कधी ना कधी चिंचेचं झाड आलं.

ते पुस्तक अप्पा तांबड्या फडक्यात पोथीसारखं बांधून ठेवत. सकाळी अंघोळीच्या वेळी अंगावर तांब्या घेत त्यातली कलमं म्हणत. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना वाटे, हे कसलं तरी अवघड स्तोत्र आहे. त्या खिडकीतून हात जोडत. इंग्रजी अप्पांना त्या एकाच पुस्तकातून आलं होतं, त्यामुळे दुसऱ्या कशाचं इंग्रजी येत नव्हतं. एकदा गोऱ्या स्टेशनमास्तराला गाडी कधी येईल एवढंच विचारायला त्यांनी असं वाक्य रचलं, की मास्तर टोपी काढून उभा राहिला. त्याला वाटलं, आपल्यावर समन्स आलं.

मी मराठी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस. सोलापुराकडचा. घरी आई, बायको आणि एक पोर, आणि मी इथं खाडीच्या काठी कोणी काम देतं का बघत हिंडत होतो. अप्पांनी मला नकलेसाठी एक कागद दिला. मी इतका भ्यालो होतो, की मूळ कागदावर शाईचा जो थेंब सांडला होता तोसुद्धा मी नकलेत त्याच जागी काढला. अप्पांनी दोन्ही कागद उन्हात धरून बघितले.

"डागसुद्धा काढलास?"

"चुकलं," मी म्हणालो.

"चुकलं कसं? हाच माणूस पाहिजे. शहाणा कारकून दुरुस्त्या करतो."

त्या डागावर मी त्यांच्या घरी सहा वर्षं जेवलो. इंग्रजी मला वाचता येत नसे; मी ती अक्षरं रांगोळीसारखी काढत असे. एक दिवस हे त्यांना कळेल आणि आपली गठडी वळेल, ही धाकधूक रोज असे. त्यांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे मला फार पुढं समजलं.

त्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. अप्पा आणि काकी एकमेकांशी बोलत नसत. भांडण नव्हतं, अबोला होता, आणि त्याला मी गेलो तेव्हा अकरा वर्षं झाली होती. काकी वेळेवर वाढत, अप्पा वेळेवर जेवत, आणि मधला सगळा पत्रव्यवहार माझ्यामार्फत चाले.

"त्यांना सांग, आमटी गरम आहे."

"तिला सांग, कळलं."

दोघं हाताच्या अंतरावर असत. मी भिंतीकडं बघून दोन्ही निरोप पोचते करत असे. एकदा धीर करून अप्पांना कारण विचारलं. ते सुपारी कातरत म्हणाले, "दप्तरात असेल कुठं तरी. मूळ कागद गहाळ आहे." मग थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "आमच्यात सोय नाही रे. साहेबाला आहे, आगऱ्याला आहे, मुसलमानाला आहे. आम्हाला नुसता अबोला."

त्यांच्या अर्जलेखनाची एक रीत होती, आणि तिच्यापायी बाकीचे अर्जनवीस त्यांची फार टिंगल करत. परमुलखात पत्र धाडायचं झालं, तर पहिल्या पत्रात कामाचा शब्द काढायचा नाही. पहिल्या पत्रात खुशाली, दुसऱ्यात काम. तिथलं पाऊसपाणी विचारायचं, पीक विचारायचं, वडीलधारी मंडळी आणि मुलंबाळं खुशाल असतील अशी आशा करायची, आणि उत्तराची वाट बघायची. पत्र बोटीनं जायला महिना, उत्तर यायला महिना. "दोन महिने घालवून हा पाऊसपाणी विचारतो," शेजारचा अर्जनवीस म्हणे. "तोवर इथला पक्षकार म्हातारा होतो."

"होऊ दे की," अप्पा म्हणत. "म्हातारी माणसं खटले कमी करतात."

रीत अगदीच वाया जात नसे. कल्याणचा एक कोकणी मुसलमान खलाशी आला होता. झांजीबारला त्याची बायको होती, तिला इथून टपालानं तलाक धाडायचा होता. अप्पा म्हणाले, "ते माझ्या पुस्तकात नाही, ते काझीसाहेबांना विचार. पण पत्र लिहायचं असेल तर माझ्या रीतीनं लिहीन." खलाशी कबूल झाला. अप्पांनी पहिलं पत्र लिहिलं: तुझा खोकला कसा आहे, अंगणातल्या नारळाला यंदा फळ धरलं का, तुझ्या आईचे डोळे कसे आहेत. वाचून दाखवलं. खलाशानं कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग म्हणाला, "अप्पा, इतकंच धाडा. दुसरं राहू द्या." तो पुढल्या बोटीनं गेला, तो परत झाडाखाली आला नाही. अप्पा म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं," आणि त्या दिवशी दोनदा सुपारी खाल्ली.

चांगुणा आली ती थंडीच्या दिवसांत. माजिवड्याच्या पुढं खाडीकाठी एक आगरी वस्ती आहे, तिथली. तिशीची असेल. लुगडं मिठागरात काम करणाऱ्या बायांसारखं वर खोचलेलं, आणि पायांत गोऱ्या बायकांचे असतात तसले जुने बूट. तिच्यामागं धर्मा नावाचा एक उंच काळा माणूस हातात जिताडा लोंबकळत ठेवून उभा होता. मासा त्यानं अप्पांच्या बैठकीशेजारी ठेवला आणि दहा पावलं मागं जाऊन उकिडवा बसला.

"मना काडीमोड पायजे," चांगुणा म्हणाली.

"धर्म कोणता?" अप्पांनी विचारलं.

"कंचा सांगू? बापसाचा, का लग्नातला?"

"सध्याचा."

"सध्या कोनच घेत नाय मना."

अप्पांनी टाक खाली ठेवला. इतकं नेमकं उत्तर त्यांना वकिलांकडूनही मिळत नसे.

हकिगत अशी निघाली. नऊ वर्षांपूर्वी ती कल्याणला रेल्वेच्या बंगल्यांवर कामाला होती. जेम्स डंकन नावाच्या ड्रायव्हरनं तिच्याशी लग्न केलं, नुसतं ठेवून घेतलं नाही; तिला बाप्तिस्मा देऊन रीतसर साहेबांच्या देवळात लग्न लावलं. जातीनं तिला वाळीत टाकलं. सहा वर्षं संसार झाला. एक मुलगी झाली, ती तापानं गेली. तीन वर्षांपूर्वी डंकन रजेवर विलायतेला गेला, तो गेलाच. आता धर्मा तिच्याशी पाट लावायला, म्हणजे दुसरेपणाचं लग्न करायला, तयार होता. पंचही तयार होते: दंड घेऊ, जेवण घेऊ, काडी मोडू, पोरीला जातीत घेऊ. सगळं ठरलं होतं. फक्त कोणीतरी म्हणालं होतं, एकदा चिंचेखालच्या अप्पांना विचारा.

"पाट लावलास तर सात वर्षं आत जाशील," अप्पा म्हणाले. "धर्मा नव्हे, तू."

"पंचांनी काडी मोडली तरी?"

"काडी पुराव्यात दाखल होत नाही, बाई."

"माझे आयशीची मोडलेली. मावशीची दोनदा मोडलेली. त्यांना कोन धरलाय?"

"तुझ्या आईनं देवळात गोऱ्याचा हात धरला नव्हता. तू सरकारच्या लेखी ख्रिस्तीण, आणि डंकनची बायको. तो मरेपर्यंत किंवा कोर्ट सोडवीपर्यंत."

"आन कोर्ट कंदी सोडवील?"

अप्पांनी फडक्याची गाठ सोडली. कायद्यानं बायकोला नवरा नुसता सोडून गेला एवढ्यानं सुटता येत नाही. तो दुसऱ्या बाईबरोबर राहतो हेही दाखवावं लागतं. नवऱ्याला मात्र एकच गोष्ट पुरते. "साहेबांच्यातही बाईलाच दोन पुरावे लागतात," अप्पा म्हणाले. "उगाच आपण त्यांना पुढारलेले म्हणतो." आणि खरा घोळ पुढंच होता. हा कायदा फक्त ख्रिस्ती माणसाचा अर्ज ऐकतो. म्हणजे निकाल लागेपर्यंत चांगुणेनं जातीत परत जायचं नाही, देवीला नारळ फोडायचा नाही, उलट दर रविवारी साहेबांच्या देवळात जायचं.

"जातीत परत यायचं असेल," अप्पांनी तिला समजावलं, "तर आधी चांगली ख्रिस्तीण हो."

चांगुणा धर्माकडं वळून बघत म्हणाली, "ऐकलास काय? ह्यांचे डोस्क्यावर ऊन लागलाय."

पण ती गेली. सात महिने दर रविवारी ती खाडीकाठानं चालत ठाण्याला येई, शेवटच्या बाकावर बसे, आणि धर्मा बाहेर कुंपणाशी माशांची पाटी घेऊन उभा राही. पाद्री खूश झाला. इतकी नेमानं येणारी दुसरी ख्रिस्तीण त्याच्याकडं नव्हती. एकदा मी तिला विचारलं, हा धर्मा कधी काही बोलतो का. ती म्हणाली, "नाय बोलत, घाटी दादा. पन थांबतो."

डंकनचा ठावठिकाणा काढायला अप्पा, चांगुणा आणि मी कल्याणला गेलो. देवळातल्या लग्नाच्या वहीत त्याच्या बापाचं नाव, त्याचं गाव सगळं होतं. मी ते रांगोळीसारखं उतरून घेतलं. नक्कल होईपर्यंत चांगुणा कुठं गेली म्हणून बघितलं, तर ती मागच्या दफनभूमीत एका हातभर दगडापाशी बसून दगडावरचं शेवाळ नखानं काढत होती. दगडावर मुलीचं नाव होतं, आणि खाली, अमक्या बापाची लेक. ते तिला वाचता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. अप्पांनी वाचून दाखवलं.

वकीलपत्र घेतलेले वकील पगडीवाले, मोठे होते. ते म्हणाले, "त्याच्या गावच्या पाद्र्याला सरळ विचारा, हा इसम परस्त्रीबरोबर राहतो काय. हो किंवा नाही."

"परक्या माणसाच्या दारात जाऊन, तुमच्याकडं शिंदळकी चालते का असं विचारायचं?" अप्पा म्हणाले. "आपल्याकडं विचारलं तर कोण उत्तर देईल? काठी घेऊन येतील." आणि त्यांनी आपल्या रीतीनं पत्र लिहिलं. स्कॉटलंडचं पाऊसपाणी विचारलं. गुरंढोरं विचारली. आमचे कल्याणचे स्नेही जेम्स डंकन यांची इकडं आठवण निघते, त्यांची वडीलधारी मंडळी आणि मुलंबाळं खुशाल असतील अशी आशा आहे. खाली सही.

वकीलसाहेबांनी कपाळाला हात लावला. मलाही रात्रंदिवस एकच घोर: दोन महिने वाया जाणार, चांगुणा कंटाळून पाट लावणार, तुरुंगात जाणार, आणि नक्कल माझ्या हातची. चांगुणेनं पत्र ऐकून एवढंच विचारलं, "त्येची गुरं कशी हायत ते माझे काय कामाचा?"

"रीत आहे," अप्पा म्हणाले.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. पाद्र्यानं मोठ्या प्रेमानं लिहिलं होतं. पाऊस पुष्कळ आहे. बटाट्याचं पीक बेताचं आहे. इतक्या दुरून कोणी आमच्या गावच्या गुरांची चौकशी करतं हे पाहून गावाला भरून आलं. जेम्स आता इथल्या रेल्वेत आहे. त्याचं कुटुंब खुशाल आहे. थोरला मुलगा यंदा चौदा वर्षांचा झाला, धाकटं दीड वर्षाचं आहे. मध्ये बरंच अंतर पडलं, कारण जेम्स दहा वर्षं तुमच्या देशात होता आणि त्याची बायको मार्गारेट बिचारी इथं वाट बघत होती. तिनं कल्याणच्या सर्व स्नेह्यांना नमस्कार सांगितला आहे.

अप्पांनी बोटांवर वर्षं मोजली. लग्न नऊ वर्षांपूर्वीचं. मुलगा चौदा वर्षांचा. पुन्हा मोजली. मग पुस्तकाची पानं उलटून घटस्फोटाचं प्रकरण सोडून पुढं गेले, आणि एका कलमावर बोट ठेवून थांबले. पहिली बायको जिवंत असताना झालेलं दुसरं लग्न हे साहेबाच्या कायद्यात लग्नच नव्हे. त्याला घटस्फोट लागत नाही. कोर्टानं नुसतं म्हणायचं, झालंच नव्हतं.

ही चलाखी होती, की सवय होती, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. वकीलसाहेब मात्र त्या दिवसापासून बाररूममध्ये सांगू लागले, की मुलाबाळांची चौकशी करा असं आपणच अप्पांना सुचवलं होतं.

दुसऱ्या पत्रात काम. गावच्या चर्चातून डंकनच्या पहिल्या लग्नाचा सहीशिक्क्याचा उतारा आला. बापाचं नाव, गाव, सगळं कल्याणच्या वहीशी जुळलं. पाद्र्यानं या वेळी गुरांबद्दल काही लिहिलं नव्हतं. खटला जज्जसाहेबांसमोर पाऊण तास चालला. वकीलसाहेब बोलले, अप्पा बाहेर चिंचेखाली बसून सुपारी कातरत राहिले. निकाल झाला. मुंबईच्या हायकोर्टाची मंजुरी यायला आणखी काही महिने गेले, तीही आली. मी नक्कल केली, अप्पांनी ती चांगुणेला मराठीत सांगितली.

ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा उजळायच्या ऐवजी कठीण होत गेला.

"म्हंजे मी त्याची बायको नवते?"

"नव्हतीस. म्हणजे तू सुटलीस."

"धरलाच नवता तर सुटले कशी?"

अप्पांनी कागदाची घडी घातली.

"सहा वर्षं मी त्याचा डबा भरला. माझी जात गेली. आन कोर्ट म्हन्तं झालाच नाय. मंग मी त्याचे घरात कोन होते? आन त्या दगडावर कोनाचा नाव हाय? आता तो दगड काढतील काय?"

"दगडाला कलम लागत नाही," अप्पा म्हणाले. "दगड राहील."

"मना ह्यो कागद नको. मना काडीमोड पायजे. मी त्याला सोडीन. त्यानं मना सोडलान, आता सरकारनं पन सोडलान. माझी सोडायची पाली कंदी?"

पुढल्या पौर्णिमेला खाडीकाठच्या वस्तीत पंच बसले. तिसरा प्रहर होता, ओहोटी लागलेली. अप्पा कागद आणि पुस्तक घेऊन आले होते आणि त्यांनी तो वाचून दाखवला. पंचांचा म्हातारा पाटील म्हणाला, "अप्पा, कागद सांगतो लग्न नाय झाला. मंग काडी कशाची मोडायची? सरळ पाट लावू."

"नाय," चांगुणा म्हणाली. "आधी काडी."

मग दुसरीच अडचण. काडी मोडायला समोर नवरा लागतो, नाहीतर नवऱ्याच्या वतीनं कोणी तरी पुरुष. गोऱ्याच्या वतीनं उभं राहायला वस्तीतलं कोणी तयार होईना. कोणी म्हणालं अपशकुन, कोणी म्हणालं बायको भांडेल. धर्मा उभा राहणं तर शक्यच नव्हतं. सूर्य मिठाच्या ढिगांमागं उतरायला लागला.

अप्पांनी पुस्तक माझ्या हातात दिलं, जोडे काढले आणि पुढं होऊन उभे राहिले.

"मी आहे जेम्स डंकन," म्हणाले.

कोणी हसलं नाही. पाटलानं भाताच्या पेंढीतली एक काडी काढून एक टोक त्यांच्या हातात दिलं, दुसरं चांगुणेच्या. रीतीप्रमाणं तिनं एवढंच म्हणायचं होतं, की तू माझा नव्हेस, मी तुझी नव्हे. तिनं काडीचं टोक मुठीत धरलं. मग बोलायला लागली, आणि आवाज तिनं चढवला नाही.

"पोर तापानं फनफनली तवा तू गाडी घेऊन इगतपुरीस गेलास. तुझी नोकरी, मी काय नाय बोलले. परत आलास. पोर पडवीत झाकून ठेवलेली. तू टोपी काढलास, हात धुतलास, आन जेवाया बसलास. मी वाढलं, तू जेवलास. एक शब्द नाय बोललास. मी मनाची समजूत घातली, साहेबाला आपली भाषा येत नाय. पन रडायला कंची भाषा लागते रं? मारला असतास तरी चालला असता, मना कलला असता घरात मानूस हाय. सहा वर्षं मी वाढत होते, तू जेवत होतास. आता जा. तुझी बायको हाय तिकडं. तिच्याशी तरी बोल."

अप्पांची मान खाली होती.

काडी मोडली. आवाजसुद्धा झाला नाही. चांगुणेनं आपला तुकडा पाण्यात टाकला, डोळे पुसले, आणि अगदी रोजच्या आवाजात अप्पांना म्हणाली, "अप्पा, उन्हात उभा केला तुमाला. पानी घ्या."

धर्मा उठून उभा राहिला. सगळ्या वर्षात त्याचा आवाज मी तेवढा एकदा ऐकला. "चल," तो म्हणाला, "भरती लागंल."

आपला तुकडा अप्पांनी टाकला नाही. परत येताना त्यांनी माझ्याकडून पुस्तक मागून घेतलं, त्या कलमाचं पान काढलं आणि काडी आत ठेवली. मी बघतोय हे कळल्यावर म्हणाले, "दाखल करून घेतली."

त्या संध्याकाळी काकींनी पान वाढलं. धर्मानं निघताना हाती दिलेला जिताडा होता, अप्पांचा जीव की प्राण. अप्पांनी हात धुतले, पाटावर बसले आणि जेवायला सुरुवात करीनात. काकी माझ्याकडं वळल्या.

"त्यांना सांग, आमटी निवते आहे."

मी तोंड उघडलं. अप्पांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांनी घसा साफ केला. पुन्हा साफ केला. मग काकींकडं न बघता, समोरच्या मिठाच्या वाटीकडं बघत म्हणाले, "बरी आहेस ना?"

काकींच्या हातातली पळी थांबली. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण अर्धं पान टाकून उठायची त्या घरात रीत नव्हती. काकी बोलल्या, पण माझ्याशीच बोलल्या.

"त्यांना सांग, पहिल्या पत्राला उत्तर यायला दोन महिने लागतात."

अप्पांनी मान डोलावली. "मुदत मान्य," म्हणाले, आणि जेवायला लागले.

मी ते दोन महिने काही मोजले नाहीत. मोजायला तिथं नव्हतोही नीट, कारण त्याच सुमाराला घरून आईच्या दुखण्याचं पत्र आलं आणि माझं निघायचं ठरू लागलं. शेवटी निघालो तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. अप्पांनी मला एक नवा टाक दिला. म्हणाले, "गावी अर्ज लिहिशील. दुरुस्त्या करू नकोस." मी पायांवर डोकं ठेवलं. सोलापुराकडच्या एका अर्धवट शिकलेल्या माणसाला या माणसानं एका डागावर उभं केलं होतं, हे मला त्यांना सांगायचं होतं. ते राहिलंच. नंतर गावाहून पत्रात लिहायचा विचार केला, पण पहिल्या पत्रात खुशाली विचारली, आणि दुसऱ्या पत्राच्या आत त्यांच्याच जाण्याचं पत्र आलं.

शेवटचं बघितलं ते असं. मी बोचकं घेऊन पायरी उतरलो होतो. अप्पा ओसरीवर, खांद्यावर पंचा, हातात अडकित्ता. आतून काकींचा आवाज आला, "अहो, त्याला दशम्या दिल्या का?"

अप्पा सवयीनं माझ्याकडं वळले. "तिला सांग..." म्हणाले, आणि थांबले. मग आतल्या दाराकडं तोंड करून, जज्जापुढं अर्ज वाचायला उभं राहावं तसा घसा साफ करून म्हणाले, "दिल्या."